छातीत एक्स्पांडर आहे की इम्प्लांट?

एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकायच्या आधी आम्ही प्रत्येक पेशंटकडून एक फॉर्म भरून घेतो. पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, मेंदूत क्लिप, हाडात प्लेट, कानात मशीन. दोन डझन तरी प्रश्न असतात. बहुतेक लोक बँकेचा फॉर्म भरावा तसे सगळीकडे ‘नाही’वर खुणा करत सुटतात. मागच्या वर्षी एक काकू कंबरदुखीसाठी मणक्याचा एमआरआय करायला आल्या. ‘इतर इम्प्लांट’ या ओळीपुढे त्यांच्या मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ब्रेस्ट इम्प्लांट.

“काकू, ऑपरेशन कधी झालं?”

“दोन महिने होतील आता.”

“मग त्यात पाणी भरून घ्यायला जाता का कुठे?”

“हो तर! दर गुरुवारी. अजून तीन वेळा यायचं म्हणालेत डॉक्टर.”

त्यांचा एमआरआय त्या दिवशी झाला नाही. मुलगी वैतागली, रजा टाकून आली होती बिचारी. पण तिने लिहिलं होतं इम्प्लांट आणि आईच्या छातीत होता एक्स्पांडर, म्हणजे टिश्यू एक्स्पांडर, कातडी वाढवायला तात्पुरती ठेवलेली पिशवी. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात: सिलिकॉनची पिशवी, कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर तिथे बसवलेली. आमच्या दारात मात्र एकीला ‘या, आडव्या व्हा’ म्हणता येतं आणि दुसरीला बाहेरच थांबवावं लागतं.

कारण एक्स्पांडरच्या पोटात मॅग्नेट असतो.

तो कशासाठी, हे मला पुस्तकातून नाही कळलं, मावसबहिणीबरोबर गेले तेव्हा कळलं. ताईचा डावा स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये छातीच्या स्नायूखाली एक्स्पांडर ठेवला. ठेवताना तो जवळजवळ रिकामाच असतो, थोडंसं सलाइन घातलेलं. दोन-तीन आठवड्यांनी जखम भरली की ते भरायला सुरुवात होते. प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत ती टेबलावर आडवी झाली. डॉक्टरांनी खिशातून प्लास्टिकची एक छोटी चकती काढली. तिच्या आत बारीकसा मॅग्नेट लोंबत होता, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. चकती छातीवरून हळूहळू फिरवली तसा तो आधी एका बाजूला ओढला गेला, मग दुसऱ्या, आणि एका जागी आल्यावर सरळ ताठ उभा राहिला. तिथे पेनाने खूण केली. त्या खुणेखाली, कातडी आणि स्नायूच्या आत, एक्स्पांडरचं तोंड होतं. त्याला पोर्ट म्हणतात. पोर्टमध्ये मॅग्नेट ठेवलेला असतो तो इतक्यासाठीच: वरून न दिसणारं तोंड अचूक सापडावं आणि सुई भलतीकडे जाऊन पिशवीच फुटू नये.

मग जागा स्पिरिटने पुसली, बारीक सुई घातली. पोर्टच्या तळाला धातूची पातळ थाळी असते, सुई तिला टेकली की हाताला कळतं. डॉक्टरांनी आधी सिरिंज थोडी मागे ओढली, आतलं सलाइन आलं, म्हणजे जागा बरोबर. साठ मिलीची सिरिंज हळूहळू आत रिकामी झाली. ताई छताकडे बघत होती. “टोचलेलं कळलंच नाही गं,” म्हणाली. स्तन काढल्यावर तिथली कातडी बरीचशी बधिर झालेली असते, म्हणून सुईचं काही वाटत नाही. त्रास होतो तो रात्री. छातीभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं वाटतं, कुशीवर वळता येत नाही. पॅरासिटामॉल घेऊन एक-दोन दिवसांत ते ओसरतं. असं आठवड्याला किंवा पंधरवड्याला, कधी पन्नास मिली, कधी शंभर, कातडीला झेपेल तेवढंच.

एक्स्पांडरचं खरं काम इथे दिसतं. तो स्तन नाही, स्तनाची लहान आवृत्तीही नाही. तो कातडी वाढवायचं अवजार आहे. स्तन काढताना बऱ्याचदा ट्यूमरबरोबर कातडीही जाते. जी उरते ती इम्प्लांटवर पांघरायला पुरत नाही. बाईचं पोट नऊ महिन्यांत वाढतं तेव्हा पोटावरची कातडी नुसती ताणली जात नाही, नवीही तयार होते. एक्स्पांडर तीच युक्ती वापरतो: आतून हळूहळू सारखा दाब द्यायचा, म्हणजे वरच्या थरातल्या पेशी भराभर वाढतात, रक्तवाहिन्या वाढतात आणि काही आठवड्यांत तिथे पूर्वी नसलेली कातडी तयार होते. त्यासाठी घाई चालत नाही. एकाच दिवशी तीनशे मिली भरलं तर कातडी वाढत नाही, वरचा रक्तपुरवठा मात्र तुटू शकतो.

दोघांचा जन्मही वेगवेगळ्या गरजेतून झालेला आहे. १९५७ मध्ये चार्ल्स न्यूमन या सर्जनने एका माणसाचा तुटलेला कान परत घडवायला कानाजवळच्या कातडीखाली रबरी फुगा ठेवला आणि तो हळूहळू फुगवला. स्तनाशी त्याचा काही संबंध नव्हता, त्याला कातडी हवी होती. १९७०च्या दशकात चेडोमिर राडोव्हान या सर्जनने सिलिकॉनचा एक्स्पांडर वापरून हेच स्तनाच्या बाबतीत केलं. आजही भाजलेल्या मुलांच्या डोक्यावर केसवाली कातडी वाढवायला एक्स्पांडर वापरतात. इम्प्लांटचं उलट. सिलिकॉन जेलचं पहिलं ब्रेस्ट इम्प्लांट १९६२ मध्ये ह्यूस्टनमध्ये क्रोनिन आणि गेरो यांनी बसवलं, ते आकार देण्यासाठी. कातडी त्या बाईची स्वतःची होतीच.

म्हणून इम्प्लांटला भरायचं तोंड नसतं, असलंच तर ते बहुधा ऑपरेशनच्या टेबलावरच काय ते वापरायचं. आत जेल असतं किंवा सलाइन, आकार ठरलेला, मऊ, हाताला स्तनासारखं लागेल असं केलेलं. सलाइनच्या इम्प्लांटला छोटा व्हॉल्व्ह असतो, पण त्यात मॅग्नेट नसतो. एक्स्पांडर कडक असतो, वर सरकलेला वाटतो, बाई आडवी झाली तरी हलत नाही. तो मुद्दामच तसा असतो, कारण कातडीला ढकलायचं असतं. ताईने तिसऱ्या महिन्यात आरशासमोर उभं राहून मला विचारलं होतं, “आता हे असंच दगडासारखं राहणार का गं कायमचं?” तिला कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही, तिने कागदावर सहीही केली होती. पण कॅन्सरच्या पहिल्या आठवड्यात माणूस काय ऐकतो आणि काय लक्षात ठेवतो, ते सगळ्यांनाच माहीत आहे. एक्स्पांडरकडे बघून शेवटी छाती कशी दिसेल हे ठरवणं म्हणजे सेंटरिंगच्या फळ्या बघून घराला नावं ठेवणं.

भरणं पूर्ण झालं की काही आठवडे कातडी स्थिरावू देतात आणि मग दुसरं ऑपरेशन करतात. जुन्याच चिरेतून एक्स्पांडर काढतात, इम्प्लांट घालतात. हे ऑपरेशन पहिल्यापेक्षा पुष्कळ हलकं असतं. एक्स्पांडर साधारण सहा महिन्यांपर्यंत ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. मधे केमो किंवा रेडिएशन आलं तर तारखा पुढेमागे होतात, पण तो कायम ठेवायचा नाही हे पक्कं. काही जणींना एक्स्पांडर लागतच नाही: कातडी वाचवून स्तन काढता आला तर पहिल्याच ऑपरेशनमध्ये इम्प्लांट बसतं. आणि काहींमध्ये एक्स्पांडर काढल्यावर इम्प्लांटऐवजी पोटाचा किंवा पाठीचा स्वतःचा मांसल भाग आणून स्तन घडवतात. खर्चाचा अंदाज मागताना एवढं मात्र विचारून घ्यावं की सांगितलेल्या रकमेत दोन्ही वस्तू आणि दोन्ही ऑपरेशनं धरलीत की एकच. ‘इम्प्लांटचा खर्च’ एवढंच सांगितलं की नातेवाईक एक आकडा डोक्यात धरून बसतात आणि चार-पाच महिन्यांनी दुसरं बिल समोर येतं.

आता परत माझ्या दारात येऊ. आमचं मशीन म्हणजेच एक भलामोठा मॅग्नेट, दीड टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट. आणि ते कधीच बंद नसतं, रात्री नाही, दिवाळीच्या सुट्टीतही नाही. अशा जागी छातीत मॅग्नेट घेऊन आलेल्या बाईच्या पोर्टला पीळ बसू शकतो. तो जागचा हलू शकतो, दुखू शकतं. कधीकधी मॅग्नेटची दिशाच उलटते, मग ओपीडीतली ती चकती खोटी जागा दाखवायला लागते. शिवाय मॅग्नेटच्या आजूबाजूला चित्रात मोठं काळं भोक पडतं, ते वेगळंच. म्हणूनच मॅग्नेट असलेल्या एक्स्पांडरवर कंपनी स्पष्ट लिहिते: एमआरआय नको. हल्ली मॅग्नेटशिवायचे एक्स्पांडरही निघाले आहेत. त्यांना ठरलेल्या अटी पाळून एमआरआय चालतो. पण आपला कुठला, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. घाईचंच असेल तर सीटी किंवा इतर तपासणीने भागतं का, ते डॉक्टर आपापसांत बोलून ठरवतात. त्या काकूंचं तसंच झालं, दोन फोन झाले आणि त्या सीटीला गेल्या.

इम्प्लांटच्या बाबतीत गंमत उलटी आहे. तिथे एमआरआय टाळायचा नसतो, कधीकधी तोच करायला पाठवतात. सलाइनचं इम्प्लांट फुटलं तर पाणी शरीरात जिरतं, छाती चपटी होते, बाईला लगेच कळतं. जेलचं फुटलं तर बाहेरून बऱ्याचदा काहीच कळत नाही. जेल दाट असतं, जागच्या जागी राहतं. म्हणून अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेचा (आपल्या वांद्र्याच्या नव्हे), सल्ला असा की जेलचं इम्प्लांट बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. पेशंटला पालथं झोपवून आम्ही सिलिकॉन वेगळं दिसेल असे फोटो घेतो. फुटलेल्या इम्प्लांटचं कवच जेलमध्ये कोसळून घड्या-घड्यांनी तरंगताना दिसतं. पुस्तकात त्याला एका इटालियन नूडल्सचं नाव दिलंय. आमच्याकडे आलेल्या एका शिकाऊ मुलीने स्क्रीन बघून पटकन म्हटलं, “शेवयांची खीर!” तेव्हापासून आम्ही तेच म्हणतो.

एक्स-रेमध्येही फरक लगेच दिसतो. एक्स्पांडर असला तर छातीत नाण्याएवढं पांढरं चक्र उमटतं, तो पोर्ट. इम्प्लांट असेल तर नुसती पुसटशी गोल सावली. पण इथे आणखी एक गोंधळ होतो. केमोचं औषध द्यायला कॉलरच्या हाडाखाली जी छोटी डबी बसवतात तिलाही पोर्टच म्हणतात. पेशंट म्हणते, “माझ्या छातीत पोर्ट आहे,” आणि आम्ही विचारतो, “औषधाचा की पाण्याचा?” काहींच्या छातीत दोन्ही असतात. पेसमेकर असलेल्या बाईला मॅग्नेटवाला एक्स्पांडर द्यायचा का, हाही प्रश्न ऑपरेशनआधीच सुटायला हवा, कारण पेसमेकर शेजारच्या मॅग्नेटने बिथरू शकतो.

काही बाबतींत मात्र दोघांत भेद नाही. आत काहीही ठेवा, शरीर त्याभोवती स्वतःचं आवरण विणतं. ते आवळलं की छाती घट्ट, वेडीवाकडी होते. रेडिएशन झालेल्या बाजूला हे जास्त होतं. जंतुसंसर्ग दोन्हीला होऊ शकतो आणि तसं झालं तर कधीकधी वस्तू काढावी लागते. खरखरीत पृष्ठभागाशी जोडलेला एक दुर्मीळ लिम्फोमाही (रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर) आहे, तो स्तनाचा कॅन्सर नव्हे, इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होतो. त्यावरून जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाचा माल बाजारातून मागे घेतला, त्यात इम्प्लांटही होती आणि एक्स्पांडरही. म्हणून सगळं भरून आल्यावर, काही वर्षांनी, एका बाजूला अचानक सूज आली तर ती अंगावर काढू नये, सर्जनला दाखवावी. इम्प्लांट ‘कायमचं’ म्हणतात ते एक्स्पांडरच्या तुलनेत. जन्मभर पुरेल अशी खात्री त्याची कुणी देत नाही.

ताईचं दुसरं ऑपरेशन होऊन आता दीड वर्ष झालं. बॉक्समधले स्टिकर डिस्चार्ज कार्डाला चिकटवून देतात, त्यावर कंपनी, मॉडेल, लॉट नंबर सगळं असतं. ताईने एक्स्पांडरचं जुनं स्टिकरही ठेवलंय, त्यावर लाल पेनाने रेघ मारून आणि शेजारी काढल्याची तारीख लिहून. दोन्हींचे फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहेत, माझ्याही आहेत. गेल्या महिन्यात गुडघ्याच्या एमआरआयसाठी ती आमच्याकडेच आली. मी फॉर्म पुढे केला तर तिने आधी मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. “दुसरा बघ,” म्हणाली. “पहिला गेला.”