डेडस्टॉकच्या नोंदवहीतले तंत्रज्ञान आणि वर्गातला शिक्षक

जिल्हा परिषदेच्या एखाद्या जुन्या शाळेत डेडस्टॉकची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची, नोंदवही उघडून बसले, तर वर्गात नवे तंत्रज्ञान आणण्याचा चार-पाच दशकांचा इतिहास तिच्या पानांवर ओळीने वाचता येतो. पिवळ्या पडलेल्या पानांवर आधी रेडिओ भेटतो, मग टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र), रंगीत दूरदर्शन संच, विज्ञानपेटी, पुढे संगणक आणि त्याची बॅटरी, प्रोजेक्टर, आणि अलीकडच्या पानांवर टॅबलेट व इंटरॲक्टिव्ह पॅनेल. प्रत्येक नोंदीपुढे नग, किंमत, खरेदीचा दिनांक आणि मुख्याध्यापकांची सही असते. त्या वस्तूच्या साहाय्याने कोणी काय शिकवले, याला मात्र रकाना नसतो. शिक्षकांनी नवी साधने हाती घ्यावीत म्हणून शासनाने वेळोवेळी काय केले आणि त्यातले काय रुजले, हे समजून घेताना ही नोंदवही डोळ्यांपुढे ठेवलेली बरी.

शाळांसाठीचे नभोवाणी कार्यक्रम आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाले होते आणि दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी १९६१ मध्ये दूरदर्शनवरून धडे दाखवण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला होता. परंतु ग्रामीण प्राथमिक शिक्षकापर्यंत यंत्र पोहोचवण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणून १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरातील ‘साइट’ या उपग्रह दूरदर्शन प्रयोगाकडेच बोट दाखवावे लागते. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या छत्र्या उभारून, सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता, पण मुलांच्या विज्ञान कार्यक्रमांपैकी काहींची निर्मिती इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओत झाली होती.

या प्रयोगातली छत्री आणि उपग्रह सर्वांच्या लक्षात राहिले. त्यातले शिक्षक-प्रशिक्षण मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने बारा दिवसांचा एक अभ्यासक्रम आखून तो दोन फेऱ्यांत सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांपर्यंत नेला. त्यात दूरदर्शनवरील कार्यक्रमाच्या जोडीला नभोवाणी होती, छापील साहित्य होते, आणि मुख्य म्हणजे गटात बसून प्रत्यक्ष प्रयोग करण्याची सोय होती. पडद्यावर दिसलेला प्रयोग शिक्षकाने त्याच दिवशी स्वतःच्या हाताने करून पाहावा, हा त्यामागचा विचार होता. प्रस्तुत लेखकाच्या मते पुढच्या अनेक योजनांपेक्षा हा आराखडा शहाणा होता, कारण त्यात यंत्राला मदतनीसाची जागा दिलेली होती आणि शिकवण्याचे काम शिक्षकाकडेच ठेवलेले होते.

इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ मध्ये अवकाशात गेल्यावर शैक्षणिक दूरदर्शनला कायमचे माध्यम मिळाले. केंद्रात सीआयईटी ही केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि सहा राज्यांत राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभ्या राहिल्या. त्यातली महाराष्ट्राची संस्था पुण्यात १९८४ मध्ये सुरू झाली आणि तिला ‘बालचित्रवाणी’ हे नाव मिळाले. मराठीसह पाच भाषांतून प्राथमिक वयाच्या मुलांसाठी कार्यक्रम प्रक्षेपित होऊ लागले आणि एका पिढीला बालचित्रवाणीचे शीर्षकसंगीत ओळखीचे झाले. पण त्यातील बहुतेकांनी ते घरच्या संचावर ऐकले, शाळेत नव्हे. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली आणि शाळेचे वेळापत्रक वेगळे. कार्यक्रमात आज पाण्याचे चक्र, तर वर्गात चालू असलेला पाठ भलताच. त्यात वीज गेली की सगळेच संपले. ध्वनिफितीप्रमाणे थांबवून, मागे नेऊन, पुन्हा दाखवण्याची मुभा शिक्षकाला नव्हती. जे साधन शिक्षकाच्या सोयीने थांबत नाही, ते त्याच्या शिकवण्याचा भाग होणे अवघडच असते. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली, तेव्हा हळहळ बरीच व्यक्त झाली. तिच्या कार्यक्रमांचा वर्गात कितपत उपयोग झाला, याची चर्चा मात्र तिच्या हयातीतही मोजकीच झाली होती.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर दुसऱ्याच वर्षी आलेली खडू-फळा योजना खरे तर तंत्रज्ञानाची योजना नव्हती. शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि किमान शैक्षणिक साहित्य मिळावे, एवढाच तिचा साधा हेतू होता. त्याच सुमारास शैक्षणिक तंत्रज्ञान योजनेतून शाळांना रंगीत दूरदर्शन संच आणि टू-इन-वन मिळू लागले. या वस्तूंचे काय झाले, हे त्या काळात नोकरीला लागलेल्या कोणाही गुरुजींना विचारावे. वस्तू आली की ती आधी नोंदवहीत चढे आणि मग कपाटात जाई. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असे. तपासणीला साहेब यायचे ठरले की विज्ञानपेटी बाहेर निघे, भिंगावरची धूळ पुसली जाई, टू-इन-वनमध्ये नवे सेल पडत, आणि साहेब गेले की सगळे पुन्हा आत. याला शिक्षकांचा आळस म्हणणे सोपे आहे. पण वस्तू हरवली किंवा मोडली तर किंमत आपल्या पगारातून वसूल होईल, ही भीती ज्याच्या मनात आहे, तो भिंग पहिलीतल्या पोराच्या हातात देणार नाही. वस्तू कपाटात कोरी राहिली, तर मात्र त्याला कोणी जाब विचारत नसे. साधन वापरण्यापेक्षा जपणे सुरक्षित, हा धडा व्यवस्थेनेच शिक्षकांना दिला, आणि तो पुढे संगणकाच्या काळातही पुसला गेला नाही.

शाळेतील संगणकाची सुरुवात १९८४-८५ मधील ‘क्लास’ प्रकल्पाने झाली. देशातील सुमारे २५० माध्यमिक शाळांना ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. त्यांच्यासोबतच्या आज्ञावली इंग्रजीत होत्या, निवडक शिक्षकांचे प्रशिक्षण अल्पमुदतीचे होते, आणि आपला विषय शिकवण्यासाठी हे यंत्र नेमके कसे वापरायचे याचे उत्तर बहुतेकांना मिळाले नाही. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची शाळांसाठीची आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजना आली, तेव्हा महाराष्ट्राने ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या पद्धतीने तीन टप्प्यांत हजारो शाळांमध्ये संगणक कक्ष उभे केले. कंपनीने संगणक बसवायचे, शिक्षकही तिनेच नेमायचा, आणि करार संपल्यावर कक्ष शाळेच्या ताब्यात द्यायचा, अशी ही व्यवस्था होती. तिचा एक परिणाम कोणी योजलेला नव्हता. संगणक हा संगणकाच्या सरांचा विषय झाला. भूगोलाच्या बाई आणि गणिताचे सर त्या खोलीच्या दारापर्यंत मुलांना सोडून स्टाफरूममध्ये परतू लागले. करार संपले, तसे तुटपुंज्या मानधनावरचे हे संगणक शिक्षक घरी बसले, आंदोलने झाली, आणि शाळेच्या ताब्यात उरलेले संगणक चालवायला तयार असा कोणी उरला नाही.

याच काळात शासनाने शिक्षकांना संगणक शिकवण्याचा दुसरा मार्गही धरला होता, तो म्हणजे सक्तीचा. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची, म्हणजेच एमकेसीएलची, स्थापना २००१ मध्ये झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून घराघरांत पोहोचला. शासकीय कर्मचाऱ्यांप्रमाणे शिक्षकांनाही संगणक अर्हता मुदतीत मिळवणे बंधनकारक झाले. न मिळवल्यास वेतनवाढीवर टाच. या सक्तीला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात, पण पन्नाशीला टेकलेल्या हजारो शिक्षकांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो तिच्यामुळेच, हेही मान्य करायला हवे. तिची मर्यादा एवढीच की पत्र टाइप करणे आणि तक्ता बनवणे त्यातून आले; तिसरीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी समजावताना त्याचा काय उपयोग, हे त्यात नव्हते.

तिसरा मार्ग कौतुकाचा. आयसीटी योजनेची २०१० मध्ये फेररचना झाली, तेव्हा तंत्रज्ञानाचा अभिनव वापर करणाऱ्या शिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू करण्यात आला आणि महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची नावे त्यात झळकू लागली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाडा येथील आदिवासी पाड्यावरची शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून गाजली ती याच दशकात. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासन निर्णय निघाला आणि त्याच्या पाठोपाठ राज्यभर डिजिटल शाळांची लाट उसळली.

ही लाट आधीच्या योजनांहून वेगळी होती, कारण वस्तू या वेळी वरून आल्या नव्हत्या. गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढली, माजी विद्यार्थ्यांनी भर घातली, कित्येक ठिकाणी गुरुजींनीच पदरमोड केली. ज्यांना प्रोजेक्टर परवडला नाही, त्यांनी मोबाईल मॅग्निफायर आणला: पुस्तकाएवढ्या चौकटीत बसवलेले प्लास्टिकचे भिंग, मागच्या खाचेत शिक्षकाचा स्वतःचा मोबाईल, आणि समोर दाटीवाटीने बसलेली पंधरा-वीस मुले. पत्र्याच्या वर्गात दुपारच्या उजेडात पडद्यावर काही दिसत नाही म्हणून खिडक्यांना जुन्या चादरी बांधल्या जात. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द याच काळात रुळला, आणि त्या नावाच्या कार्यशाळांत शिकवणारेही बहुधा शेजारच्या तालुक्यातील शिक्षकच असत. त्याआधी सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या, शाळांत चाललेले ज्ञानरचनावादी (मुलांनी स्वतः करून शिकण्याचे) अध्यापन पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जाऊ लागल्या होत्या. तिथे यंत्रे नव्हती, फरशीवर आखलेले तक्ते आणि भोवती बसून शिकणारी मुले होती, पण एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात जाऊन पाहावे आणि परत आल्यावर आपल्या वर्गात करावे, ही वाट तिथून पडली. तंत्रज्ञानाचा प्रसार पुढे याच वाटेने झाला. परिपत्रकाने जे साधले नव्हते, ते ‘त्याला जमते तर मला का नाही’ या साध्या ईर्ष्येने साधले.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली, ती कल्पनाही वर्गातच जन्मली होती. कविता कोणी गायलेली, धडा कोणी समजावलेला, तो घरच्या मोबाईलवर मुलाला पुन्हा ऐकता यावा, इतकी ती साधी होती. राज्याने २०१७ मध्ये ती पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली, पुढे एनसीईआरटीच्या पुस्तकांतही असे कोड आले, आणि ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. दरम्यान ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्राने ‘दीक्षा’ हे शैक्षणिक साहित्याचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केले होते. आज बालभारतीच्या पुस्तकात पाठाजवळ छापलेला चौकोन आणि त्याखालची सहा अक्षरे-अंकांची ओळ दिसते, ती ‘दीक्षा’चीच. मोबाईलचा कॅमेरा धड नसेल तर ती ओळ टाइप करूनही पाठ उघडतो. बालचित्रवाणीच्या काळात प्रक्षेपणाची वेळ गाठावी लागे, ती अडचण इथे सुटली. शिक्षक हवा तेव्हा, हवा तेवढाच भाग दाखवू शकतो.

मात्र ज्या मोबाईलने हे साधले, त्याच मोबाईलने शिक्षकाला कारकुनीत लोटले. २०१५ मध्ये आलेल्या ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरायची होती, त्यानंतर यू-डायस ही शाळांची देशव्यापी माहिती, आधार जुळणी, पोषण आहाराची दैनंदिन नोंद, आणि व्हॉट्सॲप गटावर ‘आजच्या आज’ मागवलेले तक्ते. गावात रेंज नाही म्हणून टेकडीवर जाऊन माहिती भरणारे गुरुजी हा विनोदाचा विषय झाला, पण तो विनोद नव्हता. मोबाईल स्वतःचा, रिचार्ज स्वतःचा, आणि वेळ वर्गातला. ऑनलाइन कामांविरुद्ध शिक्षक संघटना उभ्या राहिल्या, तेव्हा ‘शिक्षकांना तंत्रज्ञान नको आहे’ असा निष्कर्ष काही जणांनी घाईने काढला. त्यांना नको होते ते तंत्रज्ञानाच्या नावाने वाढलेले टपालकाम. पुढे २०२४ मध्ये शिक्षकांच्या शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांचे वर्गीकरण करणारा शासन निर्णय काढण्याची वेळ राज्यावर आली.

मार्च २०२० नंतर प्रोत्साहनाचा प्रश्नच उरला नाही, कारण दुसरा पर्याय नव्हता. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या मोहिमेतून रोजचा अभ्यास मोबाईलवर जाऊ लागला आणि २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. मोबाईल नसलेल्या घरांसाठी कोणी ओट्यावर, कोणी मंदिराच्या पारावर वर्ग भरवले. या दोन वर्षांत शिक्षकांनी ध्वनिमुद्रण, चित्रफितीची काटछाट, ऑनलाइन चाचणी अशा कितीतरी गोष्टी कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय आत्मसात केल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना समोर मुले नसताना शिकवणे किती पोकळ वाटते याचाही अनुभव आला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. त्यातील बराचसा भाग आता ‘निष्ठा’ या केंद्राच्या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाच्या अभ्यासक्रमांतून ‘दीक्षा’वर पूर्ण होतो आणि शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड होते. मुदत जवळ आली की चित्रफीत एका बाजूला चालू ठेवून पोषण आहाराचा हिशेब लिहिणारे शिक्षक दिसतात, आणि आसपासच्या शाळांच्या एखाद्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत आपल्या वर्गातली दोन मिनिटांची चित्रफीत दाखवून, ‘हे असे केले, इथे फसले, मग तसे केले’ म्हणून सांगणारा शिक्षकही दिसतो. परिषद संपल्यावर त्याच्याभोवती चार जण थांबतात, मोबाईल पुढे करतात आणि ती चित्रफीत मागून घेतात. पन्नास तासांच्या हिशेबात त्या दहा मिनिटांची नोंद होत नाही.