मक्याची लाही थिएटरात कशी शिरली

म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत खाज्यांच्या आणि चण्या-फुटाण्यांच्या दुकानांच्या ओळीत पॉपकॉर्नचं काचेचं यंत्रही हमखास दिसतं. झाकण उचललं की लाह्यांचा लोंढा बाहेर पडतो आणि न फुटलेले दाणे जाळीतून खाली झरतात. हाच खाऊ मल्टिप्लेक्समध्ये कैक पटींनी महाग. माझ्या मते जत्रेतली गाडी हेच त्याचं खरं घर. थिएटरवाल्यांनी तर सुरुवातीला त्याला उंबऱ्याच्या आत घेतलंच नव्हतं.

धान्य फोडून खाणं आपल्याला नवं नाही. साळीच्या लाह्या तापलेल्या वाळूत फुटतात, आणि लग्नात लाजाहोमाच्या वेळी भाऊ नवरीच्या ओंजळीत त्याच लाह्या घालतो. मका मात्र दूरचा पाहुणा. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी तो एका रानगवतापासून घडवला. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर मक्याच्या लाह्या खाल्ल्या जात, याचे सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत. अझ्टेक लोक तर पर्जन्यदेवाला त्या वाहत. आपल्याकडे मका पोर्तुगीजांच्या जहाजांतून, काजू-मिरचीच्याच वाटेने आला असं मानतात.

प्रत्येक मका फुटत नाही. त्यासाठी दाण्याचं साल टणक आणि अखंड हवं, आत सुमारे १४ टक्के ओलावा हवा. साधारण १८० अंश सेल्सिअसला आतली वाफ साल फोडते, वितळलेला पिष्ट फेसासारखा फुलतो आणि क्षणात थिजतो. सालाला बारीकशी चीर असली तरी वाफ निसटते आणि दाणा तसाच राहतो.

खाऊ म्हणून त्याचा धंदा उभा राहिला तो अमेरिकेत. आधी विक्रेते उघड्या आगीवर तारेच्या टोपलीत दाणे हलवत बसायचे. शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्सने वाफेवर चालणारं यंत्र बनवलं आणि १८९३ च्या शिकागो महाप्रदर्शनात ते लोकांसमोर मांडलं. दाणे तेलात, मसाल्यासकट एकसारखे फुटू लागले. यंत्रावर वाफेने हलणारी विदूषकाची बाहुली होती. पोरं तिच्याभोवती जमत. पुढे चाकांवरची गाडी आली आणि विक्रेता गर्दी असेल तिथे जाऊ लागला.

गर्दी थिएटरांबाहेर होती. मूकपटांच्या काळातली आलिशान थिएटरं गालिचे खराब होतील, कुरुमकुरुम आवाजाने रसभंग होईल म्हणून पॉपकॉर्न आत येऊ देत नसत. १९२७ नंतर बोलपट आले, आवाजाची अडचण मिटली आणि प्रेक्षकही वाढले. मग महामंदी आली. ५-१० सेंटची पुडी गरिबालाही परवडायची, आणि मालकांच्या लक्षात आलं की तिकिटापेक्षा नफा या पुडीत आहे. आधी त्यांनी विक्रेत्यांना भाड्याने जागा दिली, मग विक्री स्वतःच्याच हातात घेतली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग झालं, गोड खाऊ दुर्मीळ झाला आणि पॉपकॉर्नची चलती आणखी वाढली.

गोव्यात २००४ साली इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आला, त्यासाठी पणजीत आयनॉक्स हे मल्टिप्लेक्स उभं राहिलं आणि टबभर पॉपकॉर्न घेऊन सिनेमाला बसणं इथेही अंगवळणी पडलं. दराबद्दलची कुरकुर तेव्हापासून ऐकू येते आणि ती मला रास्त वाटते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणायला मनाई करण्याचा थिएटरमालकांचा हक्क मान्य केला. पिण्याचं पाणी मात्र त्यांनी फुकट द्यायलाच हवं.