ट्रान्सड्यूसर बसवायचा कुठे? बोटीच्या तळाखालच्या एका जागेची पार्श्वभूमी

१ जूनला मासेमारी बंद होते आणि कोकणातल्या बंदरांत ट्रॉलर एकामागून एक किनाऱ्यावर ओढले जातात. वर्षभर पाण्याखाली असलेला तळ या दोन महिन्यांतच डोळ्यांना दिसतो. शिंपले खरवडून काढलेले असतात, रंग फिका पडलेला असतो, पठाणाच्या, म्हणजे तळाच्या मधोमध जाणाऱ्या मुख्य तुळईच्या, लाकडावर ओरखडे असतात. नवा फिश फाइंडर (प्रतिध्वनीवरून समुद्राचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेतला असेल तर त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि परतलेला आवाज ऐकणारा भाग, बसवायची वेळ हीच. सुतार गिरमिट घेऊन बोटीखाली वाकतो आणि नाखवाला विचारतो, “भोक कुठे पाडू?”

पडदा किती इंची, किती वॉटचा, रंग किती, यावर दुकानात तासभर बोलणं झालेलं असतं. या प्रश्नाला मात्र बरेचदा “आतून हात पोचेल तिथे पाड” एवढंच उत्तर मिळतं. पैसे वाया जातात ते इथे. माझ्या ओळखीतल्या एका बोटीवर इंजिन बंद असताना समुद्राचा तळ रेघेसारखा स्वच्छ दिसायचा, पण बोट वेगात आली की सगळा पडदा ठिपक्यांनी भरून जायचा. यंत्र दोनदा दुरुस्तीला जाऊन आलं, दोन्ही वेळा निर्दोष ठरलं. पावसाळ्यात बोट ओढल्यावर कारण दिसलं. इंजिन गार करायला समुद्राचं पाणी आत घेणारी जाळी ट्रान्सड्यूसरच्या बरोबर पुढे, हातभर अंतरावर होती. त्या जाळीमागे घुसळलेलं, फेसाळ पाणी थेट ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरून वाहत होतं.

हा त्रास नवा नाही. पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकायची कल्पना अमलात आली, तेव्हापासून यंत्र जहाजाच्या नेमक्या कुठल्या भागात बसवायचं यावर माणसं झगडत आली आहेत.

पाण्यातून आवाज किती वेगाने जातो हे जिनिव्हाच्या सरोवरात १८२६ साली मोजलं गेलं. कोलादों आणि स्टुर्म या दोघांनी पाण्याखाली घंटा वाजवली, त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा भडका उडवला आणि सुमारे साडेतेरा किलोमीटरवर तुतारीसारखी नळी पाण्यात बुडवून घंटेचा आवाज कानाने टिपला. उत्तर आलं सेकंदाला १४३५ मीटर. समुद्राच्या पाण्यात हा वेग साधारण १५०० मीटर धरतात. म्हणजे ३० मीटर खोल पाण्यात आवाज खाली जाऊन परत यायला सेकंदाचा पंचविसावा भागच लागतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दीपनौकांखाली (दीपस्तंभाचं काम करणाऱ्या, नांगरून ठेवलेल्या नौकांखाली) पाण्यात घंटा टांगल्या जाऊ लागल्या, धुक्यात जहाजांना वाट कळावी म्हणून. ती घंटा ऐकायला जहाजाच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, पत्र्याच्या आतल्या अंगाला डाव्या-उजव्या बाजूंना पाण्याने भरलेल्या छोट्या टाक्या बसवत आणि त्यात ध्वनिग्राहक सोडत. बाहेरच्या पत्र्याला भोक नाही आणि वाहत्या पाण्याचा खळखळाटही नाही. आज फायबरच्या होडीत तळाच्या आतून चिकटवतात तो ट्रान्सड्यूसर त्याच विचारावर चालतो.

१९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि हिमनग दुरून ओळखायच्या प्रयत्नांना जोर आला. जर्मनीत कील इथे अलेक्झांडर बेम यांनी १९१३ साली प्रतिध्वनीने खोली मोजायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यांच्या मांडणीत जहाजाच्या एका बाजूला पाण्यात काडतूस फोडायचं आणि ग्राहक ठेवायचा दुसऱ्या बाजूला. मध्ये जहाजाचं धूड आडवं येत असल्याने स्फोटाचा सरळ येणारा आवाज अडतो आणि तळावरून परतलेला आवाज वेगळा ऐकू येतो. ही मला सगळ्यात सुंदर युक्ती वाटते, कारण इथे बोटीचा आकार हाच यंत्राचा भाग झाला.

पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्समध्ये पॉल लाँजव्हँ यांनी क्वार्ट्झचे तुकडे दोन पोलादी पट्ट्यांमध्ये बसवून कानाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्यात सोडला. क्वार्ट्झ दाबला की त्यात वीज तयार होते, हा गुण जाक आणि पिअर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवला होता. वीज दिली तर तो थरथरतो, ही त्याचीच उलट बाजू. आजचा ट्रान्सड्यूसर याच घराण्यातला आहे. पुढे ब्रिटिश युद्धनौकांवर अशी यंत्रं बसली, तेव्हा पहिला धडा मिळाला तो वेगाचा. वेग वाढला की तळाभोवतीचं पाणी इतका गोंगाट करी की प्रतिध्वनी त्यात बुडून जाई. म्हणून निमुळत्या, पाणी भरलेल्या घुमटात यंत्र ठेवून तो तळाखाली सोडायची पद्धत आली. काही नौकांवर हा घुमट नको तेव्हा आत ओढून घेता येई.

मासे दिसू लागले ते जवळजवळ अपघाताने. खोली मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर तळाच्या रेघेच्या वर अधूनमधून धूसर डाग उमटत. १९३० च्या दशकात इंग्लंडमधले तांडेल रोनाल्ड बॉल्स हेरिंग माशांच्या मागावर अशा डागांकडे लक्ष देऊ लागले. नॉर्वेत ऑस्कर सुंड यांनी १९३५ साली लोफोटेनच्या समुद्रात अंडी घालायला आलेल्या कॉड माशांच्या थव्यांची नोंद कागदावर घेतली आणि ती ‘नेचर’ या नियतकालिकात छापली. त्या काळी आवाज सोडायला एक आणि ऐकायला एक असे दोन वेगळे भाग असत. बऱ्याच जहाजांत ते पठाणाच्या दोन अंगांना, तळाच्या आतल्या टाक्यांत बसत. हे काम जहाजबांधणीच्या गोदीतल्या अभियंत्याचं होतं, मच्छीमाराला त्यात विचारलं जात नसे.

जागेचा प्रश्न मच्छीमाराच्या दारात आला तो जपानमुळे. नागासाकी प्रांतात बोटींवरची विजेची कामं करणारे कियोताका फुरुनो यांना एका मच्छीमाराकडून कळलं होतं की मासे असतात तिथून बुडबुडे वर येतात. बुडबुडे आवाज परत फिरवतात हे त्यांना ठाऊक होतं. युद्धानंतर नौदलाच्या जुन्या खोलीमापक यंत्रांवर त्यांनी आणि त्यांच्या भावाने खटपट केली आणि १९४८ साली फिश फाइंडर विक्रीला आणला. अमेरिकेत १९५९ च्या सुमारास लॉरन्स कंपनीचा हातात धरून नेता येणारा फिश फाइंडरचा हिरवा डबा आला आणि तळ्यांवर गळ टाकणाऱ्यांच्या छोट्या होड्यांपर्यंत सोनार (प्रतिध्वनीने पाण्याखालचं शोधायचं हे तंत्र) पोचलं. दरम्यान ट्रान्सड्यूसरमध्ये क्वार्ट्झसारख्या पदार्थांच्या जागी सिरॅमिक आलं. त्याचा एकच छोटा तुकडा आवाज सोडतो आणि ऐकतोही. मुठीत मावणारी वस्तू झाल्यावर ती कुठे लावायची हे ठरवणंही बोटवाल्याकडेच आलं.

फुरुनो ज्या बुडबुड्यांच्या शोधात होते, तेच बोटीखाली आले की वैरी होतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर आवाज जवळजवळ सगळाच परत फिरतो. सोनारला मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. घोळीचं बोत बाजारात सोन्याच्या भावाने जातं, ती हीच पिशवी. तीच हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी आली, की आवाज खाली पोचायच्या आधीच विखुरतो. मिनार्ट या डच शास्त्रज्ञाने १९३३ साली बुडबुडा कोणत्या सुरात घुमतो याचं सूत्र मांडलं. ते लावलं तर ५० किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० हजार कंपनांच्या, आवाजाला पृष्ठभागाजवळ सर्वाधिक प्रतिसाद देणारा बुडबुडा असतो जेमतेम ०.१३ मिलिमीटर व्यासाचा, केसाहून किंचित जाड. एवढ्या बारीक बुडबुड्यांचा पडदा नुसत्या नजरेने नीट दिसतही नाही. नॉर्वेच्या डालेन आणि लोविक यांनी १९८१ साली दाखवलं की वाऱ्याने लाटा फुटून पाण्यात मिसळणारे बुडबुडेसुद्धा माशांच्या मोजणीत फरक पाडतात. संशोधन जहाजांवर आज तळाखाली काही मीटर उतरवता येणारे कणे असतात आणि ट्रान्सड्यूसर त्यांच्या टोकाला बसवतात, तो खटाटोप याच थरातून सुटण्यासाठी.

आपल्या ट्रॉलरला असा कणा परवडणार नाही. मग पाणी कुठून कसं वाहतं हे वाचण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. पाणी कापत संथ जाणाऱ्या बोटीत नाळेपाशी लाट फुटते, हवा खाली खेचली जाते आणि तळाखालून मागे वाहते. अगदी पुढे बसवलं तर हा फेस येतो, शिवाय लाटेवर नाळ उचलली की ट्रान्सड्यूसरच पाण्याबाहेर. अगदी मागे गेलं तर बोट ढकलणाऱ्या पंख्याचा गोंगाट. म्हणून अशा बोटींसाठी नाळेपासून जलरेषेच्या, म्हणजे पाण्याच्या पातळीवर मोजलेल्या बोटीच्या, लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंतचा पट्टा सुचवतात. जलरेषा १५ मीटर असेल तर पुढून ५ ते साडेसात मीटर. वेगात पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या होडीचं गणित नेमकं उलटं आहे. तिचा पुढचा भाग हवेत असतो, त्यामुळे मागच्या तृतीयांशात, कायम पाण्याला चिकटून राहणारी जागा शोधावी लागते. मागच्या फळीवर, आउटबोर्ड इंजिनशेजारी लावायचा असेल तर पंख्याची पाती ज्या बाजूला खाली जातात ती बाजू बरी. मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या पंख्याला ती उजवी. वर येणारी पाती बुडबुडे वर आणतात.

लाकडी बोटीत आणखी एक गोष्ट आहे, ती सुतारालाच जमते. तळ सपाट नसतो, पठाणाकडून दोन्ही बाजूंना चढत जातो. त्या चढावर ट्रान्सड्यूसर तसाच बसवला तर तो तिरका पाहतो. १० अंशांचा कल असेल तर ३० मीटर खोलीवर नजर सव्वापाच मीटर बाजूला जाते. जाळं एकीकडे आणि चित्र दुसरीकडे. म्हणून मध्ये लाकडाचा ठोकळा घालतात. त्याची एक बाजू तळाच्या चढाला जुळणारी, दुसरी पाण्याच्या पातळीला समांतर, आणि पुढचं टोक माशाच्या तोंडासारखं निमुळतं, पाणी फाटू नये म्हणून. चांगला सुतार हा ठोकळा दहा वेळा लावून, काढून, रंधा मारून बसवतो. त्या कारागिरीला फिश फाइंडरच्या बिलात जागा नसते, पण चित्र स्वच्छ येतं ते तिच्या जोरावर. पठाणापासून थोडं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर तो एका बाजूचा आवाज अडवतो.

लाकडात प्लॅस्टिकचा नळकांड्यासारखा ट्रान्सड्यूसर घालू नये. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि प्लॅस्टिक तडकतं, तिथे ब्रॉन्झच हवं. पोलादी तळात उलट ब्रॉन्झ पोलादाला खातं, म्हणून तिथे दोघांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. फायबरच्या होडीत आतून चिकटवता येतो, पण फायबर भरीव असलं तर. फायबरचा थर दिलेली प्लायवूडची बोट बाहेरून फायबरचीच वाटते, मात्र आतल्या लाकडात अडकलेल्या हवेतून आवाज पार होत नाही. शंका असेल तर ट्रान्सड्यूसर पाणी भरलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून, बोट पाण्यात असताना, आतून तळावर दाबून बघावं. तळाची रेघ उमटली तर जागा चालेल, आणि गोंद लावायच्या आधी हे कळतं.

आपल्या खाड्यांचा विचार परदेशी माहितीपुस्तकांत सापडणार नाही. ओहोटीला बोट चिखलात बसते, कधी रेतीवर कलते. किनाऱ्यावर ओढताना तळ लाकडांवरून घासत येतो. तेव्हा तळाबाहेर डोकावणारा ठोकळा पठाणाच्या खालच्या पातळीच्या वरच राहिला पाहिजे आणि बोट ज्या कुशीवर बसते त्या कुशीला नको. ट्रान्सड्यूसरच्या पुढच्या सरळ रेषेत तळाला काय काय आहे, हेही जून-जुलैतच बोटीखाली वाकून पाहता येतं. तिथे पाणी घेणारी जाळी, झिंकची पट्टी, एखादा वर आलेला खिळा, काहीही असू शकतं. १ ऑगस्टला बोट पाण्यात उतरली की ते पुढच्या जूनपर्यंत पुन्हा दिसत नाही.