जुन्या कौटुंबिक छायाचित्रांतील मेंढ्यांची ओळख (सातारा-सांगली)

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकरी आणि धनगर घरांत जपलेल्या जुन्या छायाचित्रांत दिसणारी मेंढरे कोणत्या जातीची असावीत, हे त्यांच्या शरीराची ठेवण, लोकर, रंग आणि छायाचित्राचा प्रसंग पाहून ठरवण्याची रीत. माण, खटाव, फलटण, खंडाळा, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा कमी पावसाचा, मेंढपाळीचा पट्टा. इथे कळपाची वंशावळ वहीत लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती. कोणती मेंढी कोणाच्या पोटची, हे म्हाताऱ्यांच्या तोंडी असे. त्यामुळे खळ्यावर किंवा विहिरीपाशी काढलेल्या फोटोत मागे सहज उतरलेली चार मेंढरेही मोलाची ठरतात.

फोटोच्या पाठीमागची नोंद वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या भागात मेंढ्यांनाच ‘बकरी’ म्हणतात; शेळ्या म्हणजे ‘शेरडं’. ‘आमची बकरी, दिवाळी’ असे लिहिले असेल, तर शहरात वाढलेल्या नातवाने त्या शेळ्या समजू नयेत. उलट काळ्या कळपात काळी उस्मानाबादी शेळी मिसळलेली असते आणि धूसर फोटोत ती मेंढीच वाटते. शेपटी पाहावी. शेळीची शेपटी आखूड आणि वर उचललेली असते, मेंढीची खाली लोंबते.

मेंढरे कोणाची?

जात ठरवण्याआधी हा प्रश्न सोडवावा लागतो आणि नेमका तोच विसरला जातो. शेत आपले म्हणजे त्यातली मेंढरेही आपली, असे नाही. पावसाळा सरला की माणदेशातले, आटपाडी-जतेकडचे धनगर वाडे, म्हणजे कळपासह फिरणारी धनगरांची बिऱ्हाडे, पश्चिमेकडे उतरत. कृष्णाकाठचे शेतकरी पिके निघालेल्या रानात ‘बकरी बसवत’. रात्रभर कळप रानात बसे, लेंडी-मुताचे खत जमिनीला मिळे आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळत. अशा वेळी घरातल्या कोणी हौसेने काढलेला फोटो चार-पाच दशकांनंतर ‘आजोबांची मेंढरं’ म्हणून सांगितला जातो. फोटोत वाघर म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी, बिऱ्हाड लादलेले घोडे, राखणीची कुत्री दिसत असतील, तर तो फिरस्ता वाडा आहे. मग त्या मेंढ्यांची जात फोटो काढलेल्या गावाची न धरता वाडा ज्या मुलखातून आला त्या मुलखाची धरावी.

दख्खनी आणि माडग्याळ

या पट्ट्यातील जुन्या फोटोंत सर्वाधिक आढळते ती दख्खनी. बेताच्या अंगाची, काटक. मोठी मेंढी साधारण २८ ते ३० किलोची. नाकाचा वासा किंचित फुगीर, कान मध्यम, चपटे आणि लोंबते, शेपटी आखूड व बारीक. नरांना बहुधा शिंगे असतात, माद्या बहुधा भुंड्या. रंग काळा किंवा काळ्या-पांढऱ्याचे मिश्रण, क्वचित पांढरा वा तपकिरी. लोकर जाड आणि भरड, पण ती पाठीवर आणि कुशींवर. तोंड, पोट आणि पाय उघडे. याच लोकरीची घोंगडी सनगर या विणकर समाजाने विणली आणि तिचेच जेन म्हणजे जाड अंथरूण पसरले. दख्खनीचे लोणंद, सांगोला, संगमनेर, कोल्हापूर असे प्रकार त्या त्या भागाच्या नावाने सांगितले जातात. पण केवळ फोटोवरून ‘ही लोणंदचीच’ असे ठासून सांगू नये. एकाच कळपात रंगांची इतकी सरमिसळ असते की तो निवाडा कागदावरच्या प्रतिमेला पेलत नाही.

दुसरी मोठी ओळख माडग्याळ मेंढीची. जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून हे नाव पडले. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके वा मोठे डाग, उंच पाय, लांब मान, लांब लोंबते कान आणि पोपटाच्या चोचीसारखे बाक आलेले नाक. अंगावर लोकरीपेक्षा केसच जास्त. ही मांसासाठी पाळली जाणारी मेंढी आहे. नाकाच्या या बाकाला बाजारात मोठी किंमत आहे. २०२० साली आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाख रुपयांची बोली लागल्याची बातमी राज्यभर गाजली होती. अशा किमती दिसू लागल्यावर ‘आमच्याकडे पूर्वीपासून माडग्याळच’ असे दाखवण्यासाठी जुने फोटो पुढे येतात. तिथे पारख करणाऱ्याने अधिकच सावध राहावे.

फोटोत तोंड, कपाळ आणि पायसुद्धा लोकरीने झाकलेले दिसले, तर ती निव्वळ दख्खनी नव्हे. लोकर तलम व्हावी म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी प्रक्षेत्रांवर मेरिनो व रॅम्बुले या परदेशी जातींच्या नरांशी संकर केले गेले. तसे नर गावच्या कळपात आल्याची खूण कपाळावरच्या लोकरीत सापडते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील बुटक्या गरोल मेंढीचे जुळी देणारे जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मात्र ते जनुक अंगावर दिसत नाही, आणि नव्वदच्या दशकापूर्वीच्या फोटोत त्याचा प्रश्नच येत नाही.

रंगाचा दगा

रंगावर विसंबून केलेली ओळख सर्वांत जास्त चुकते. कृष्णधवल फोटोत तपकिरी आणि काळा यांत फरक उरत नाही. जुन्या काही फिल्मना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून तांबूस मेंढी तीत काळीकुट्ट उतरते. ऐंशीच्या दशकातल्या रंगीत प्रतींचे दुखणे उलटे. कागदावरचा निळसर थर विटतो आणि सगळा फोटो तांबूस होतो. मग पांढऱ्या मेंढीवर तपकिरी झाक चढते आणि पाहणारा ‘माडग्याळ!’ म्हणून मोकळा होतो.

याला एक साधा उपाय आहे: माणसांचे कपडे. फोटोतल्या म्हाताऱ्याचे धोतर बहुधा पांढरे असते. ते जितके तांबूस दिसते, तितका तांबूसपणा मेंढीच्या रंगातून वजा करावा. काळ्यासाठी खांद्यावरची घोंगडी पाहावी. न रंगवलेल्या काळ्या लोकरीची घोंगडी आणि मेंढी एकाच छटेत उतरली असतील, तर मेंढी काळी असण्याची शक्यता बळावते. दिवाळी पाडव्याच्या फोटोंची आणखी एक अडचण असते. त्या दिवशी मेंढरे गेरूने रंगवून पूजतात, त्यामुळे पाठीवरचा गडद पट्टा जन्माचा डाग आहे की कालचा गेरू, हे फटाके-पणत्या किंवा नवे कपडे शोधून ठरवावे लागते. काळी मेंढीही वर्षभर सारखी काळी राहत नाही. उन्हाने लोकरीची टोके तांबूस पडतात आणि वयाबरोबर अंगावर करडेपणा येतो.

कातरणीचेही तसेच. लोकर वर्षातून दोनदा कातरतात. नुकतीच कातरलेली दख्खनी सडपातळ, लांब पायांची दिसते आणि केसाळ जातीची वाटते. कात्रीचे आडवे पट्टे पाठीवर शोधावेत. ते नसतील आणि तरीही अंग गुळगुळीत असेल, तरच लोकर नसलेल्या जातीचा विचार करावा.

म्हणून हाडांच्या ठेवणीवर जास्त भर द्यावा. नाकाचा बाक आडव्या बाजूने टिपलेल्या डोक्यातच दिसतो. समोरून काढलेल्या फोटोत त्याचा निवाडा करू नये. उंची शेजारी उभ्या माणसाच्या गुडघ्याशी आणि मांडीशी मोजावी, पण दोघे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असतील तरच. आगफा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याच्या चौकोनी फोटोत पुढे आलेले मेंढरू उगाच थोराड दिसते. मुलाच्या कडेवरच्या कोकरावरून तर जात सांगूच नये. कान फारच लांब असतील तर तेवढी नोंद करावी.

फोटो मूळ आकाराहून मोठा स्कॅन करून घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ठेवावा आणि ‘कोणती जात?’ असे न विचारता ‘हे कुठून आणलेलं?’, ‘याची लोकर कोण न्यायचं?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात ही होती का?’ असे विचारावे. जातीचे नाव पुष्कळांना सांगता येत नाही. पण ‘ती बांडी (पांढऱ्या डागांची) म्हसवडच्या जत्रेत घेतली’ एवढे एक वाक्य नाकाच्या बाकापेक्षा अधिक सांगून जाते. ते वाक्य, सांगणाऱ्याचे नाते आणि तारीख फोटोच्या पाठीवर न लिहिता वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावी. बॉलपेनचा दाब समोरच्या बाजूला उमटतो, आणि तो नेमका मेंढीच्या तोंडावर उमटला तर पाहण्यासारखे काही उरत नाही.