बी-प्लस पर्याय

बी-प्लस पर्याय : एचआयव्हीबाधित गर्भवती किंवा स्तनदा मातेला निदान होताच तीन औषधांचा उपचार सुरू करून तो आयुष्यभर चालू ठेवण्याची पद्धत. मातेची प्रतिकारशक्ती किती उरली आहे, याची तपासणी त्यासाठी आवश्यक धरली जात नाही. आफ्रिकेच्या आग्नेय भागातील मलावी या गरीब देशाने २०११ मध्ये ही पद्धत प्रथम राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारली.

काहीच उपचार झाला नाही, तर गर्भावस्था, प्रसूती आणि स्तनपान या काळात बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. नीट उपचार झाल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली येते. बाळाला अंगावर पाजायचेच नाही हा उपाय श्रीमंत देशांत चालला. जिथे पाणी स्वच्छ नाही तिथे वरचे दूधच जिवावर बेतते. बोत्स्वानात २००६ च्या अतिवृष्टीनंतर अतिसाराची साथ आली, तेव्हा दगावलेल्या बाळांत वरच्या दुधावरची बाळे फार मोठ्या संख्येने होती. म्हणून आईने बाळाला पाजावे आणि तिच्या रक्तातील विषाणू औषधांनी दबलेला राहावा, हीच गरीब समाजांसाठी खरी वाट ठरली.

त्याआधी स्वस्त आणि सोपा उपाय होता तो नेव्हिरॅपिन या एचआयव्हीविरोधी औषधाचा : कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी, जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाला एक डोस. युगांडात झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झिडोव्ह्यूडिन या दुसऱ्या औषधाच्या अल्प मुदतीच्या उपचाराच्या तुलनेत या पद्धतीने संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आला. असंख्य बाळे तिने वाचवली. पण एकाच डोसानंतर अनेक स्त्रियांच्या शरीरातील विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होई, आणि आईच्या स्वतःच्या आजारावर तर काहीच उपचार होत नसे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन पर्याय सुचवले. दोन्हींत कोणत्या स्त्रीला कायमचा उपचार द्यायचा आणि कोणाला तात्पुरता, हे रक्तातील सीडी४ पेशी (प्रतिकारशक्ती किती उरली आहे ते दाखवणाऱ्या पेशी) मोजून ठरवायचे होते. मलावीची अडचण इथेच होती. ही मोजणी करणारी यंत्रे मोजक्या ठिकाणी होती आणि खेड्यातील दवाखाने परिचारिका व वैद्यकीय सहायकांच्या भरवशावर चालत. तिथे एका स्त्रीला सरासरी पाचांहून अधिक मुले होत. दर बाळंतपणात औषध सुरू करायचे, दूध तोडल्यावर थांबवायचे, पुढच्या खेपेला पुन्हा सुरू करायचे, हे चक्र आईसाठीही घातक होते. तेव्हा ‘बी’ पर्यायातील मोजणीची अटच काढून टाकून उपचार सर्वांसाठी आजन्म करण्यात आला; म्हणून नाव ‘बी-प्लस’. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्यूडिन आणि एफाव्हिरेन्झ यांची मिळून एकच गोळी, दिवसातून एकदा, सगळ्यांना सारखी. सोपेपणामुळे गर्भवतींच्या तपासणीच्या खोलीतच परिचारिकेला उपचार सुरू करता आला. साधनांच्या तुटवड्यातून निघालेला हा निर्णय वैद्यकीयदृष्ट्याही अधिक चांगला होता, आणि श्रीमंत देशांच्या पद्धतीची हलकी नक्कल म्हणून त्याकडे पाहणे चूक आहे.

परिणाम लगेच दिसला. २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत उपचार सुरू केलेल्या गर्भवती व स्तनदा माता १,२५७ होत्या. २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत त्या १०,६६३ झाल्या.

त्रुटीही तितक्याच स्पष्टपणे पुढे आल्या. सुमारे १७ टक्के स्त्रिया सहा महिन्यांत उपचारातून गळाल्या. आजार बळावल्यामुळे औषध सुरू केलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, गरोदरपणी बी-प्लसखाली औषध सुरू केलेल्यांपैकी पहिल्या भेटीनंतर परत न येणाऱ्यांचे प्रमाण पाचपट होते. हे समजण्यासारखे आहे. बाई गरोदरपणाच्या तपासणीला आलेली असते, तिला काही दुखत-खुपत नसते, आणि त्याच दिवशी तिला जन्मभराच्या गोळ्या हाती मिळतात. नवऱ्याला सांगायचे कसे, सासरी बाटली ठेवायची कुठे, हे प्रश्न घेऊन ती घरी जाते. इथे गोळीइतकीच गरज असते ती त्याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या बाईची. दक्षिण आफ्रिकेत २००१ पासून ‘मदर्स टू मदर्स’ ही संस्था एचआयव्हीसह जगणाऱ्या मातांनाच प्रशिक्षण व पगार देऊन हे काम करवून घेते. मलावीतही अशा मार्गदर्शक माता नेमल्या गेल्या. औषधाचा खर्च मंजूर होतो आणि या बायकांचे मानधन मात्र पहिल्यांदा कापले जाते, ही या कार्यक्रमांतील मोठी चूक होय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत बी-प्लसला स्थान दिले, आणि २०१५ मध्ये सर्वच बाधितांना निदान होताच उपचार द्यावा अशी शिफारस केली. आफ्रिकेला हे परवडले त्यात भारतीय जेनेरिक औषधांचा (मूळ औषधांच्या स्वस्त प्रतिरूपांचा) वाटा मोठा आहे : मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा मूळ कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या घरात होता. खुद्द भारतात मात्र एका डोसाची नेव्हिरॅपिन पद्धत बराच काळ चालली. सर्व बाधित गर्भवतींना आजन्म तिहेरी उपचार देण्याचे धोरण देशभर २०१४ पासून लागू झाले.