लठ्ठपणा ‘रक्तातच’ असतो का?

‘लठ्ठपणा आमच्या रक्तातच आहे, त्याला इलाज नाही,’ हा समज अर्धवट आहे. जनुकांमुळे शरीराचा कल ठरतो, हे खरे. पण अमेरिकेतील ॲरिझोना आणि मेक्सिकोतील सोनोरा येथील पिमा या आदिवासी जमातीचे लोक आनुवंशिकदृष्ट्या अगदी जवळचे असूनही, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण ॲरिझोनात ३८ टक्के, तर सोनोरातील, अंगमेहनतीची शेती करून मका-घेवड्यावर जगणाऱ्या डोंगराळ मायकोबा परिसरात ७ टक्क्यांहून कमी आढळले, आणि लठ्ठपणाही तिथे कितीतरी कमी होता. ॲरिझोनातील पिमांना आळशी ठरवणे तर सरळसरळ अन्याय आहे: एकोणिसाव्या शतकात हीला नदीचे पाणी वरच्या अंगाला वसलेल्यांनी वळवले, पिढ्यान्‌पिढ्यांची शेती सुकली आणि ताटात सरकारी शिध्याचे पीठ, साखर आणि चरबी आली.