ब्लू लगूनच्या आधीचं गरम पाणी

पुण्यातून आइसलँडला जाणाऱ्यांच्या कार्यक्रमात ब्लू लगूनचा अर्धा दिवस ठरलेला असतो. कोथरूड असो की औंध, जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो एक फोटो असतोच: दुधाळ निळं पाणी, भोवती काळा लाव्हा, वर वाफ आणि तोंडाला पांढरा लेप. सांगताना लोक ‘नैसर्गिक गरम पाण्याचं तळं’ असं सांगतात. खरं तर हे तळं निसर्गाने केलेलं नाही आणि त्याला पन्नासएक वर्षांपलीकडचा इतिहासही नाही. शेजारच्या स्वार्त्सेंगी वीजकेंद्राने काम झाल्यावर बाहेर सोडलेलं पाणी लाव्हाच्या खोलगटात साचलं आणि त्याचं हे तळं झालं.

हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. माझा झाला नाही. उलट या पाण्याची खरी गोष्ट मला तिथूनच सुरू होते असं वाटतं. सर्वसामान्यांनी गरम पाण्यात चैन म्हणून डुंबणं हा आइसलँडच्या इतिहासातला अगदी अलीकडचा भाग आहे. त्याआधी शेकडो वर्षं हे पाणी धुण्याचं होतं, नंतर पोहायला शिकण्याचं आणि त्यानंतर घर उबदार ठेवण्याचं.

सुरुवात इसवी सन १०००च्या आसपास करता येते. थिंगवेत्लिर इथल्या लोकसभेत देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारायचा असं ठरलं. जुन्या सागांमध्ये, म्हणजे आइसलँडच्या गद्य इतिहासकथांमध्ये, नोंद आहे, की उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या मंडळींनी थंड पाण्यात उतरून बाप्तिस्मा घ्यायला नकार दिला आणि परतीच्या वाटेवर लॉयगरवात्नच्या गरम झऱ्यात तो विधी उरकला. त्या हवेत वावरलेल्या माणसाला ही अट मुळीच अवाजवी वाटणार नाही. पुढे तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) या इतिहासकार आणि राजकारणी पुरुषाचं रेकहोल्टला स्वतःचं स्नानकुंड होतं. जवळच्या उकळत्या झऱ्याचं पाणी दगडी पाटाने कुंडात आणलेलं होतं आणि कुंडापासून घरापर्यंत भुयारी वाट होती. सुमारे चार मीटर रुंदीचं ते गोल कुंड आजही पाहायला मिळतं. ब्लू लगूनभोवतीचा काळा लाव्हाही याच स्नोरीच्या हयातीतला, १२२६ सालच्या उद्रेकातला आहे.

पण सरदाराघरच्या कुंडापेक्षा मला जवळची वाटते ती राजधानी रेक्याविकच्या धुणं धुणाऱ्या बायकांची गोष्ट. गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर लॉयगरदालूर या दरीत गरम झरे होते. घरोघरच्या मोलकरणी आणि कष्टकरी बायका कपड्यांचे बोजे, बादल्या, साबण पाठीवर घेऊन चिखलातून, बर्फातून तिथे चालत जायच्या, दिवसभर धुणं धुवायच्या आणि ओल्या कपड्यांचं दुप्पट ओझं घेऊन परतायच्या. पाणी इतकं कढत होतं की तोल जाऊन झऱ्यात पडलेल्या काही जणी भाजून दगावल्या. मग विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला झऱ्यांवर लोखंडी कमानी बसवल्या गेल्या. त्या अजून तिथे आहेत. आज रेक्याविकमध्ये पर्यटक ज्या लॉयगावेगूर रस्त्यावर लोकरीचे स्वेटर घेत फिरतात, तो रस्ता १८८५ साली बांधायला घेतला तो या बायकांची पायपीट सोपी व्हावी म्हणून. सहलीच्या वाटाड्याने त्या रस्त्यावर एवढं एक वाक्य जरी सांगितलं, तरी शहर वेगळं दिसेल.

याच दरीत लोक पोहायला शिकले. पोटासाठी समुद्रावर जाणारा देश, पण खलाशांना पोहता येत नव्हतं. किनारा डोळ्यांसमोर असताना माणसं बुडत. समुद्राच्या थंड पाण्यात शिकवणार तरी कसं? गरम झऱ्यांच्या पाण्याने ही अडचण सोडवली. १९४० साली शाळांमध्ये पोहणं सक्तीचं झालं आणि गावोगावी तलाव बांधले गेले. पाठीला डबा बांधून विहिरीत उतरलेल्या किंवा टिळक तलावावर हातपाय मारायला शिकलेल्या पुणेकराला त्यामागचा विचार लगेच उमगेल. आपल्याकडे मात्र पोहणं ही उन्हाळी सुट्टीतली शिकवणी राहिली. तिथे ते वाचनलेखनाइतकंच शालेय शिक्षणात आलं.

धुण्याच्या झऱ्यांजवळ १९२८ साली खोदकाम सुरू झालं. मिळालेलं पाणी तीन किलोमीटर लांबीच्या नळाने शहरात आणून १९३० साली प्रथम एका प्राथमिक शाळेची इमारत गरम करण्यात आली. मग रुग्णालय, पोहण्याचा बंदिस्त तलाव आणि काही डझन घरं जोडली गेली. तोपर्यंत रेक्याविक कोळशावर जगत होतं आणि हिवाळ्यात शहरावर धुराचा थर असायचा. तरीही देशाचा मोठा भाग पुढची कित्येक वर्षं आयात तेलावरच राहिला. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा सरकारने जमिनीखालच्या उष्णतेकडे जोराने मोर्चा वळवला. आज तिथली दहापैकी नऊ घरं याच पाण्यावर उबदार राहतात.

स्वार्त्सेंगीचं केंद्र त्या धडपडीतून उभं राहिलं. रेक्यानेस द्वीपकल्पावरच्या ग्रिंडाविक या मच्छीमार गावाला गरम पाणी हवं होतं. खोदल्यावर पाणी लागलं, पण खोलवर त्याचं तापमान २४० अंश सेल्सिअसच्या आसपास होतं आणि त्यात सुमारे दोन भाग समुद्राचं पाणी, एक भाग गोडं. क्षार आणि सिलिका (वाळूत असतं ते खनिज) भरपूर. पुण्यात बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तसाच हाही थर, पण कितीतरी दाट आणि वेगाने चढणारा. हे पाणी थेट घरात सोडलं असतं तर नळ बुजले असते. म्हणून त्याच्या उष्णतेवर दुसरं गोडं पाणी तापवून ते गावाला द्यायचं आणि त्याच वाफेवर वीजही करायची, अशी रचना झाली. १९७६ साली केंद्र सुरू झालं. उरलेलं खारं पाणी शेजारच्या लाव्हावर सोडलं गेलं. सच्छिद्र लाव्हातून ते जिरून जाईल असा हिशेब होता. पण पाणी निवताना त्यातली सिलिका खाली बसली, लाव्हाची भोकं बुजली आणि पाणी साचत गेलं. जिरेना म्हणून तळं झालं. पाण्यात तरंगणारे सिलिकाचे बारीक कण प्रकाश विखुरतात, म्हणून ते निळं दिसतं. हाताने ओंजळीत घेतलं तर पांढुरकं असतं. उन्हाळ्यात शेवाळामुळे त्यावर हिरवट झाकही येते.

या तळ्यात उतरायला सर्वांत आधी पर्यटक गेले नव्हते. १९८१ साली सोरायसिस या त्वचेच्या जुनाट विकाराने त्रासलेल्या एका स्थानिक माणसाने केंद्राकडे परवानगी मागितली आणि तो तिथे डुंबू लागला. त्वचेला आराम पडतो हे पाहून त्याच्यासारखे आणखी काही जण आले. १९८७ साली कपडे बदलण्याची खोली आणि आवश्यक सोयी करून तळं लोकांना खुलं झालं, १९९२ साली त्यासाठी कंपनी स्थापन झाली, त्या दशकात सोरायसिसच्या रुग्णांसाठी उपचारही सुरू झाले आणि १९९९ साली सगळा पसारा आजच्या जागी हलवला गेला. आजचं तळं आखून केलेलं आहे: सुमारे ९० लाख लिटर पाणी, तापमान ३८ अंशांच्या आसपास, आणि साधारण ४० तासांत सगळं पाणी बदललं जातं. एक काळजी मात्र घ्यायला हवी. सोरायसिस सोडून सांधेदुखी, मधुमेह, काहीही इथे बरं होतं असं कुणी सांगत असेल, तर त्याला आधार नाही. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारलेलं बरं.

आपल्या लोकांना सगळ्यात अवघड जातो तो आंघोळीचा नियम. आइसलँडमधल्या कुठल्याही सार्वजनिक तलावात उतरण्यापूर्वी पोहण्याचे कपडे न घालता साबणाने सर्वांग धुवावं लागतं. बायकांची आणि पुरुषांची सोय वेगळी असते, पण आपापल्या विभागात सगळे एकत्रच आंघोळ करतात. कोणते अवयव नीट धुवायचे त्याची चित्रं भिंतीवर असतात. ब्लू लगूनला दार लावलेल्या न्हाण्याही आहेत, त्यामुळे तिथे फार संकोच वाटत नाही. नियमामागचं कारण साधं आहे. तिथे पाण्यात क्लोरीन अगदी कमी वापरतात, ब्लू लगूनमध्ये तर नाहीच. पाणी स्वच्छ राहतं ते प्रत्येक माणूस स्वच्छ होऊन उतरतो म्हणून. कुंडावर जाण्याआधी स्नान करून जायची रीत असलेल्या आपल्या समाजाला हे पटायला हरकत नाही. सिलिकामुळे केस काथ्यासारखे राठ होतात, म्हणून आधी भरपूर कंडिशनर लावून ते बांधून ठेवावेत. पैंजण आणि जोडवी खोलीवर काढून ठेवावीत, गंधकामुळे चांदी काळी पडते.

युरोपातल्या इतर ठिकाणांचा इतिहास याहून निराळा आहे. इंग्लंडमधल्या बाथ शहरात ४६ अंशांच्या झऱ्यावर रोमनांनी स्नानगृह उभारलं, पण लंडनच्या सहलीतून तिथे गेलेल्यांना त्या पाण्यात हातही घालू देत नाहीत. १९७८ साली तिथे पोहलेल्या एका मुलीचा पाण्यातल्या अमिबाच्या संसर्गाने मृत्यू झाला आणि स्नान बंद झालं. नवं स्नानगृह २००६ साली उघडलं, तेही नव्याने खोदलेल्या विहिरींवर. बुडापेस्टला तुर्कांनी सोळाव्या शतकात बांधलेलं रुदाश हे स्नानगृह अजून चालू आहे, आणि बुद्धिबळ खेळणाऱ्या आजोबांमुळे प्रसिद्ध असलेलं सेचेनी १९१३ सालचं आहे. त्याच्यामागे १८७८ साली पूर्ण झालेली ९७० मीटर खोल विहीर आहे, तिचं पाणी ७४ अंशांचं.

मग आपल्याकडे असं का झालं नाही, हा प्रश्न परतलेला प्रत्येक जण विचारतो. त्याचं एक उत्तर दगडात आहे. पुण्यातलं पाताळेश्वर लेणं ज्या काळ्या बसाल्टात कोरलं आहे, त्याच जातीचा दगड आइसलँडभर पसरलेला आहे. फरक वयाचा. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवलेला. आइसलँडचे सर्वांत जुने खडकही १.६ कोटी वर्षांच्या आसपासचे, आणि दोन भूपट्ट दरवर्षी साधारण दोन सेंटिमीटर दूर सरकत असल्यामुळे तिथे खालून नवा लाव्हा येतच असतो. गरम झरे आपल्या कोकणातही आहेत, पण ते लाव्हाने तापत नाहीत. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. म्हणून हे झरे सह्याद्रीच्या पश्चिमेला किनाऱ्याला समांतर अशा पट्ट्यात आहेत: वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरातलं तुरळ आणि राजवाडी, राजापूरजवळचं उन्हाळे. अष्टविनायकाला निघालेले पुणेकर पालीचं दर्शन झालं की उन्हेऱ्याला पाय बुडवून येतात.

दुसरं उत्तर गरजेत आहे. कोकणात घर गरम करण्याची गरज कुणाला पडली नाही, त्यामुळे हे पाणी देवाचं आणि औषधाचं राहिलं. या परंपरेत पुण्याचाही वाटा आहे. चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेत वज्रेश्वरीला नवस केला आणि १७३९ साली वसई जिंकल्यावर देवीचं देऊळ बांधवलं. ब्रिटिश काळात भूशास्त्रज्ञ टी. ओल्डहॅम यांनी देशभरच्या सुमारे तीनशे गरम झऱ्यांची यादी केली, ती १८८०च्या दशकात छापली गेली. शास्त्राला माहिती होती, भाविकांची श्रद्धा होती, पण या दोहोंच्या मधलं, म्हणजे झऱ्याचं पाणी तपासणं, कुंड वेळच्या वेळी उपसणं, कपडे बदलायला नीट जागा देणं, हे कुणाचंच काम ठरलं नाही. बायकांना तर कित्येक कुंडांवर आजही आडोसा मिळत नाही. आइसलँडच्या खेड्यातला साधा तलाव पाहिल्यावर मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

सध्या जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. रेक्यानेसवर सुमारे ८०० वर्षांच्या शांततेनंतर २०२१ मध्ये उद्रेक सुरू झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये भूकंपांच्या मालिकेनंतर ब्लू लगून बंद झालं आणि १० नोव्हेंबरच्या रात्री ग्रिंडाविक गाव रिकामं करावं लागलं. केंद्र आणि तळं वाचवण्यासाठी भोवती मातीदगडांचे उंच बांध घातले गेले. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी लाव्हाने स्वार्त्सेंगीहून निघणारी गरम पाण्याची मुख्य नळवाहिनी तोडली. ऐन थंडीत २० हजारांहून अधिक लोकांच्या घरातलं गरम पाणी गेलं, शाळा आणि पोहण्याचे तलाव बंद झाले, आणि विजेवर ताण येऊ नये म्हणून हीटर जपून वापरा अशी सूचना निघाली. काही दिवसांत नवी वाहिनी जोडली गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लाव्हाने ब्लू लगूनचा वाहनतळही गिळला.

त्यामुळे तिकीट काढलेलं असलं तरी तळं त्या दिवशी उघडं असेलच असं धरून चालू नये. बंद असेल तर रेक्याविकमध्येच लॉयगरदाल्सलॉयगला जावं. १९६८ साली सुरू झालेला हा ५० मीटर लांबीचा उघडा तलाव आहे, शेजारी वेगवेगळ्या तापमानाची छोटी कुंडं आहेत, तिकीट ब्लू लगूनच्या मानाने फारच थोडं, आणि सोबतीला शाळेतली मुलं, निवृत्त शिक्षक, कामावरून परतलेली माणसं. धुणं धुणाऱ्या बायकांचे झरे आणि त्यांच्यावरच्या लोखंडी कमानी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ते आधी पाहून मग पाण्यात उतरावं.